बंद मोटर तापते कशी?

ता. ४ फेब्रुवारी

साडूभाऊ,

नमस्कार. खुशाली शेवटी लिहितो, आधी काम. मला एक मोटर हवी आहे, दणकट. तुमच्या वाइंडिंगच्या दुकानात कोपऱ्यात मोटरींचा ढीग पडलेला असतो, त्यातली चालेल. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं धाकटी ऐकून तुम्हाला सांगते. धाकटीला कळलं म्हणजे तिच्या ताईला कळलं, आणि आमच्या हिला कळलं म्हणजे लेकीला. म्हणून हे पत्र. वाचून झालं की तुमच्याजवळच ठेवा.

मोटर कशाला, ते सांगतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून माझा परवाना स्थगित आहे. झटका सौम्य होता असं डॉक्टर म्हणतात. त्यांना काय, त्यांना आला नव्हता. आता वीस एप्रिलला पुन्हा चाचणी. माझ्या हाताखाली बस शिकलेला एक जण आता स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, त्याने खटपट करून तारीख मिळवून दिली. पास झालो तर प्रश्न मिटला. नापास झालो तर लेक म्हणते, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे तुमचं घर, गाडी चालवणारं कोणी नाही, तर तुम्ही दोघांनी तिथे राहायचं नाही. घर विकायचं आणि तिच्या फ्लॅटवर जायचं. अगदी प्रेमाने म्हणते. मागच्या महिन्यात येऊन तिने घराचे फोटो काढले, "आठवण म्हणून". आठवणीसाठी कोणी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढतं का? तुम्हीच सांगा.

तर मला सराव हवा. जावयाने कॉम्प्युटरवर गाडी पळवायचा खेळ आणि त्याचं चाक आणून दिलं. ते चाक म्हणजे ताटली. फिरवलं की फिरतं, सोडलं की स्प्रिंगने जागेवर येतं. रस्ता त्यातून काही बोलतच नाही. नाक्यावरचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, चाकाच्या मागे मोटर आणि एक बोर्ड बसवला तर खेळातला खड्डासुद्धा हाताला लागतो, वळणावर चाक उलटं ओढतं. मला तेच हवंय. निवृत्तीच्या दिवशी डेपोच्या स्टोअरवाल्याने मला मोडीत निघालेल्या बसचं स्टिअरिंग भेट दिलं होतं. ते मी टेबलाला ठोकलंय.

माझ्याकडे बसच्या वायपरची एक मोटर आहे. ती चालेल का? की तुम्हीही "चालेल, चालेल" म्हणून मला गप्प बसवणार? हिने टेबल पाहिलं आणि "खेळा" म्हणाली. ना कटकट, ना टोमणा. इतक्या सहज म्हणाली की मला तेव्हापासून चैन नाही.

तुमचा,
थोरला साडू

ता. १२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

पत्र पोचलं. धाकटीने पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि "काय म्हणतात?" विचारलं. मी म्हणालो, मोटर मागतात. तिचा विश्वास बसला नाही. म्हणजे खरं बोललो तरी आमच्या घरात ही गत.

वायपरची मोटर नको. तिच्या पोटात मळसूत्रासारखा गिअर असतो. पटत नसेल तर बंद गाडीचा वायपर हाताने ढकलून पाहा, मोडेल पण मोटर फिरणार नाही. म्हणजे ती तुम्हाला ओढेल, पण तुम्हाला तिला ओढता येणार नाही. तुम्हाला भांडणारी मोटर हवी, पण वेळेला हरणारीही हवी. नुसतीच भांडणारी तर प्रत्येकाच्या घरी असते.

पायरीपायरीने फिरणारी मोटर, जी प्रिंटरमध्ये असते, ती कॉम्प्युटरवाला सुचवेल. तीही घेऊ नका. हाताला दात लागतात, करवतीवरून बोट फिरवल्यासारखं वाटतं.

मी एक पाठवतोय. एका बाईंनी घरात पळायचं मशीन घेतलं, वर्षभर त्यावर कपडे वाळत घातले आणि मोडीत काढलं. त्याची मोटर आहे, जवळजवळ कोरी. मोटरीवर छोटी पुली, चाकाच्या दांड्यावर मोठी, मध्ये पट्टा. पट्टा फार ताणू नका.

आता मला एक विचारायचंय, राग मानू नका. हे चाक टेबलावरच राहणार ना? गाडीच्या स्टिअरिंगला चोरून मोटर लावायची, म्हणजे हाताला जोर लागायला नको आणि चाचणी घेणाऱ्याला कळायला नको, असा काही बेत असेल तर मी त्यात नाही. हे मनात येण्याचं कारण सांगतो. तुम्ही लेकीबद्दल लिहिलंत, टाकीबद्दल लिहिलंत, वायपरबद्दल लिहिलंत. झटक्याने जो डावा हात गेला होता, त्याबद्दल एक अक्षर नाही.

तुमचा,
धाकटा साडू

ता. १ मार्च

साडूभाऊ,

गाडीला मोटर लावायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. ते तुमच्या डोक्यात आलं. यावरून माणूस कळतो.

तुमची मोटर बसवली. कॉम्प्युटरवाल्याने बोर्ड जोडला, दोन दिवस माझा चहा प्यायला आणि निघताना म्हणाला, "काका, मस्त झालंय, मीही अधूनमधून येऊन खेळत जाईन." मी होही म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. चाक चांगलं बोलतं. खड्ड्यात धक्का देतं, वळणावर ओढतं. पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी हॉर्न शोधत होतो.

पण आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेली मोटर खरंच कोरी होती का? सोमवारी आणि गुरुवारी दुपारी मी व्यायामाच्या बाईंकडे जातो. सकाळी चाकावर बसतो ते नऊपर्यंत, मग स्विच बंद करून उठतो. गेल्या सोमवारी परत आलो, सहज मोटरीवर हात ठेवला तर गरम. गुरुवारी पुन्हा गरम, आणि जळका वास. सकाळी बंद केलेली मोटर दुपारी चारला गरम. बंद मोटर तापते कशी? तुम्ही आयुष्यभर मोटरी भरल्यात, तुम्हीच सांगा. मला तर वाटतं, आत कुठेतरी आधीच जळालेली होती आणि वरून रंग मारून तुम्ही ती मला पाठवलीत. घरच्याच माणसाला.

दुसरंही एक आहे. चाकाच्या मधोमध वर मी लाल दोरा बांधलाय. डेपोतली सवय. गाडी सोडताना चाक सरळ आणायचं, दोरा वर. पुढच्या पाळीच्या ड्रायव्हरला बसल्या बसल्या कळतं, गाडीची चाकं सरळ आहेत. दोरा खाली ठेवून उतरणाऱ्याला आम्ही माणसात धरत नसू. नोकरीत असताना हा दोरा हीच तिच्या विणकामाच्या डब्यातून काढून द्यायची. तर दोरा जागेवर असतो, वर. चाकाला कोणी हात लावल्याची खूण नाही. म्हणून दोष मोटरीचाच.

तुमचा,
थोरला साडू

ता. ७ मार्च

साडूभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना धाकटीने पाणी आणून दिलं, माझा चेहरा बघून.

मी जळकी मोटर रंगवून पाठवेन? ज्या दुकानात परक्या माणसालाही "ही भरण्याच्या लायकीची नाही" असं तोंडावर सांगतो, त्या दुकानातून? असो. तुम्ही आजारातून उठलात म्हणून सोडून देतो.

नीट ऐका. बंद मोटर तापत नाही. मोटर तापते ती काम केल्याने, आणि सर्वात जास्त तापते ती कोणीतरी तिला नेट लावून धरून ठेवलं तर. ती ओढतेय आणि समोरचा सोडत नाही, अशा वेळी ती जागच्या जागी भाजून निघते. आता तुम्हीच मनाशी जुळवा. तुम्ही व्यायामाला गेल्यावर त्या चाकावर कोणीतरी बसतं, आणि गंमत म्हणून नव्हे, बराच वेळ आणि जोर लावून. दोरा वर ठेवून जातं म्हणता? म्हणजे तुमची सवय माहीत असलेलं माणूस आहे. कॉम्प्युटरवाल्याला दोऱ्याचं सांगितलं होतंत का?

तुमचा संशय माझ्या मोटरीवर नको म्हणून दुसरी पाठवतोय. दोन चाकांच्या फळीवर उभं राहून मुलं फिरतात ना, त्या फळीच्या चाकातली. हिला घासून झिजणारा कार्बन नाही, पट्टा नाही, थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर बसते. सहसा जळायची नाही. पण जोर भयंकर आहे. लाल बटण सोबत दिलंय, ते हाताशी लावा. चाक वेडंवाकडं झालं की दाबायचं. आणि अंगठे चाकाच्या कड्याच्या आत घालायचे नाहीत, वर ठेवायचे. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर हे पोरांना शिकवलंय. पण जो कोणी चोरून बसतो, त्याला हे माहीत नसेल.

डाव्या हाताबद्दल या पत्रातही काही नाही. मी मोजतोय.

तुमचा,
धाकटा साडू

ता. २० मार्च

साडूभाऊ,

मोटर आहे खरी! पहिल्या वळणावर चाकाने असा हिसका दिला की मला घाटातली माझी जुनी बस आठवली. कॉम्प्युटरवाला म्हणाला, जोर कमी करून देऊ का. मी म्हणालो, हात लावलास तर बघ. बसचं चाक बससारखंच लागलं पाहिजे.

आता चोराबद्दल. तुमचं म्हणणं बरोबर निघालं, कोणीतरी बसतं. माझी खुर्ची भोकं पाडलेल्या पट्टीवर सरकते. मी परत येतो तेव्हा ती एक भोक पुढे असते. म्हणजे चोराचे पाय आखूड. कॉम्प्युटरवाला ताडमाड आहे, तो सुटला. मग कोण? माझा संशय जावयावर आहे. स्वतः नाही येणार तो, पण कोणाला तरी पाठवत असेल. मशीन बिघडवायचं, माझा सराव मोडायचा, मी नापास, की लगेच टाकीसकट घर बाजारात. हिला विचारलं, माझ्यामागे कोणी येतं का? म्हणाली, "कोण येणार एवढ्या लांब?" आणि भाजी चिरायला लागली. चिरत होती तीही धड नाही, अंगठ्याला पट्टी. कपाटाच्या दारात सापडला म्हणाली. एवढी वर्षं तेच कपाट, तेच दार, कधी सापडला नाही. वय झालं आता आमचं.

आणि ही तुमच्या ताईची नवी लक्षणं पाहा. काल जेवताना विचारते, "चढावर गाडी थांबवली तर मागे का येत नाही हो?" लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल तिने एक प्रश्न विचारला नव्हता. लेकीनेच फोनवरून पढवलं असणार, बाबांना अजून किती आठवतंय ते तपास म्हणून. मी सगळं सविस्तर सांगितलं. हँडब्रेक, क्लच, सगळं. वाटी हातात धरून दाखवलं. विसरलो नाही हे कळू दे त्यांना.

तुमच्यावरही माझा थोडा संशय आहे, उगाच लपवत नाही. लेक तुमच्याशी बोलते का?

डाव्या हाताचं सारखं विचारताय म्हणून लिहितो. हे वाचून फाडून टाका. चाक डावीकडे ओढलं की मी दोन्ही हातांनी धरतो. डावा हात धरलाय असं मला आतून अगदी स्पष्ट कळतं. मग खाली बघतो तर तो उघडा असतो. नुसता टेकलेला. मला कळत नाही की तो सुटलाय. रस्त्यावर असताना खाली कोण बघणार? हे डॉक्टरांना सांगितलं नाही, हिला नाही, कोणालाच नाही. अजून महिना आहे, सुधारेल.

तुमचा,
थोरला साडू

ता. २६ मार्च

साडूभाऊ,

पत्र फाडलं.

लेक माझ्याशी बोलत नाही. जावईही नाही. जावयाला यात ओढू नका, तो गरीब माणूस आहे.

मोटरीचा जोर निम्मा करा. आजच करा. कॉम्प्युटरवरच एक आकडा बदलायचा असतो. कारण विचारू नका, मोटर नवी आहे, आधी रुळू द्यावी. लाल बटण टेबलाच्या डाव्या कडेला असेल तर मध्ये घ्या, कोणाचाही हात पोचेल असं.

ताईंचा अंगठा कसा आहे? सूज उतरली का? डॉक्टरांना दाखवायला हवं.

इकडे सगळं ठीक. धाकटी फोनवर ताईंशी बोलत होती, मी खोलीत गेलो तर विषय बदलला. मला ऐकू येत नाही हे माहीत असूनही बदलला. चोर सापडला तरी आरडाओरडा करू नका, एवढंच सांगतो. तुमच्या तब्येतीला बरं नाही. आणि ताईंच्या अंगठ्याचं जरूर कळवा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. ४ एप्रिल

साडूभाऊ,

माझ्या चार पानांना तुमचं अर्धं पान. त्यात हिचा अंगठा दोनदा. माझा हात महिनाभर विचारत होतात, मी शेवटी काळीज काढून लिहिलं, आणि तुम्ही "पत्र फाडलं" एवढंच? तेव्हाच कळलं, तुम्हाला चोर माहीत आहे.

गुरुवारी नेहमीसारखी पिशवी घेतली, व्यायामाला जातो म्हणालो, थांब्यापर्यंत गेलो आणि मागच्या गल्लीने परत आलो. मागच्या खिडकीचं एक दार नीट लागत नाही. स्वतःच्या घराच्या खिडकीतून चोरून बघताना माणसाला कसं वाटतं, ते तुम्हाला कधी कळू नये.

चाकावर ही बसली होती.

पाठीशी उशी, डोळ्यांवर लांबचा चष्मा, पदर खोचलेला. आणि तोंडाने चाललं होतं, "आरसा बघ आधी. आरसा! झोपलास का रे? गिअर काय तुझा बाप टाकणार?" माझा आवाज काढून. मी शिकाऊ पोरांवर ओरडायचो तेच शब्द, तोच सूर. डेपोत डबा घेऊन यायची तेव्हा फाटकाशी उभी राहून ऐकायची, ते सगळं तिने डोक्यात ठेवलंय. स्वतःलाच शिव्या घालत होती बिचारी.

पहिल्यांदा मला राग आला, प्रचंड. चाचणी व्हायला अजून पंधरा दिवस, आणि घरच्या माणसाने मला आधीच नापास केलंय. ती शिकतेय याचा अर्थ दुसरा काय? दार लाथेने उघडणार होतो.

तेवढ्यात पडद्यावर घाटातलं ते शेवटचं वळण आलं, जिथे तुमची मोटर जीव घेते. मी तिथे रोज दात-ओठ खाऊन चाकाशी झटतो आणि रोज कठड्यावर जातो. हिने अंगठे वर घेतले, चाकाला ओढू दिलं आणि मग हातातून सरकत सरकत परत येऊ दिलं. हात ढिले, पण सुटले नाहीत. दोन्ही. गाडी वळणातून अलगद बाहेर आली. साडूभाऊ, मी तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, चाकाशी भांडू नका, येऊ द्या, फक्त हात सोडू नका. कोणाच्या हातात ते बसायला वर्ष लागायचं, कोणाच्या कधीच बसलं नाही. हिला ते मी शिकवलेलंही नाही.

मग तिने गाडी थांबवली. चाक सरळ केलं, दोरा वर आणला, पदराने चाक पुसलं. उठून खुर्ची मागे ढकलली, एकच भोक. पुढे घेताना दोन घेत असणार, मागे ढकलताना एक विसरते. एवढी एकच चूक.

मी पुन्हा गल्लीतून थांब्यावर गेलो आणि तिथे बाकावर बसून रडलो. उगाच लपवत नाही. तिने मला नापास केलेलं नाही, माझ्या हातानेच केलंय, आणि ते तिला माझ्या आधी दिसलंय. ती फक्त घर वाचवत होती. आणि मी जावयाला चोर ठरवून बसलो होतो.

तिला काही बोललो नाही. बोलणारही नाही. आता तुम्ही मला एक मोटर निवडून द्या. माझ्यासाठी नको. हलक्या हाताला झेपेल अशी, मऊ, अंगठा न मोडणारी.

तुमचा,
थोरला साडू

ता. १० एप्रिल

साडूभाऊ,

हो, माहीत होतं. अंगठ्याचं वाचलं आणि पत्र हातात घेऊन धाकटीपुढे जाऊन उभा राहिलो. तिच्या हातातलं झाकण पडलं. तेवढंच पुरे झालं. शपथ घातली मला, म्हणून अर्धं पान. तुमच्या हाताबद्दल त्या दिवशी खूप लिहायचं होतं. पण लिहायला बसलो असतो तर हेही लिहून गेलो असतो.

ताई धाकटीला काय म्हणाल्या तेही सांगतो, आता लपवण्यात अर्थ नाही. धाकटीने विचारलं, मग भावोजींना सरळ सांगत का नाहीस? त्यांच्याच त्या शिष्याच्या स्कूलमध्ये नाव घाल. ताई म्हणाल्या, "त्याला कळलं की संध्याकाळच्या आत यांना कळेल, आणि मग हे चाचणीला बसणारच नाहीत. बसून नापास झाले तर होऊ देत. न बसता हरलेले मला बघवायचे नाहीत."

आता मोटरीबद्दल. नवी पाठवत नाही. मोटर बदललीत तर ताईंना त्याच दिवशी कळेल की तुम्हाला कळलंय. फार तर रोज थोडाथोडा आकडा उतरवा.

आणि एक गोष्ट मला आज सुचली, दोन महिने सुचली नाही याची लाज वाटते. तुम्ही बसचं चाक घेतलंत, बसचा जोर मागितलात, मी बसच्या जोराची मोटर दिली. साडूभाऊ, चाचणी कोणत्या गाडीची आहे? तुमच्या त्या चिमुकल्या गाडीचीच ना? तिचं चाक एका बोटाने फिरतं. आपण दोघांनी मिळून घरात बस उभी केली, आणि ताई त्या बसवर शिकल्या.

तुम्ही चाचणीला बसा. ताईंसाठी बसा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. २ मे

भावोजी,

सप्रेम नमस्कार. माझं पत्र बघून दचकू नका. यांना ठाऊक नाही मी लिहितेय ते. म्हणजे मला तरी वाटतं ठाऊक नाही. आता कशाचीच खात्री राहिलेली नाही.

तुम्ही धाकटीकडून सगळं काढून घेतलंत, तिने मला सांगितलं. त्याबद्दल मी रागावलेली नाही. पण मला एक खरं सांगा. यांना केव्हा कळलं?

कारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मला संशय येत होता. चाक मऊ लागायला लागलं. दर खेपेला थोडं थोडं. आधी वाटलं, माझ्या हातांत जोर आला. मग एका गुरुवारी बसायला गेले तर खुर्ची आधीच दोन भोकं पुढे. मी हात न लावता! उशीही खुर्चीवर. विचारलं तर म्हणाले, "पाठ दुखते हल्ली." यांचे पाय त्या खुर्चीत मावत तरी होते का? आणि जेवताना न विचारता काय काय सांगत बसायचे. उलटी गाडी कशी घ्यायची, पावसात ब्रेक कसा मारायचा. भिंतीकडे बघून सांगायचे, जसं काही भिंतच शिकणार आहे.

वीस तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी दारात उभी. तासाभरात परत आले. चेहऱ्यावर काहीच दिसेना. चहा ठेवला. मग म्हणाले, "सुरुवात चांगली झाली. तिसऱ्या वळणावर मी खाली बघितलं. हात उघडा होता. गाडी कडेला घेतली, चाक सरळ केलं आणि साहेबांना म्हटलं, बस, झालं. साहेब म्हणाले, पुढे चला, मला तर काही चुकलेलं दिसलं नाही. मी म्हणालो, मला दिसलं." भावोजी, मला वाटलं होतं मी रडेन. पण मला इतका अभिमान वाटला यांचा की रडायचं राहूनच गेलं. मग यांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शिकाऊ परवान्याचा अर्ज. माझं नाव लिहिलेलं, जन्मतारीख लिहिलेली, ती मात्र चुकलेली. म्हणाले, "सही कर. अंगठा बरा झाला ना आता?"

एवढंच बोलले. मी सही केली.

कालची गोष्ट सांगायला लिहायला बसले. यांचा तो शिष्य आमची गाडी घेऊन आम्हाला जुन्या डेपोच्या आवारात घेऊन गेला. आता तिथे बस नाहीत, मोकळं मैदान. यांनी खिशातून लाल दोरा काढला, गाडीच्या चाकाला बांधला, दातांनी गाठ ओढली. शिष्य माझ्या शेजारी बसला आणि हे मागे. मागच्या सीटवर यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. गुडघे छातीशी, हातात पिशवी.

मी अंगठे वर ठेवले, जीव मुठीत धरून चाक वळवलं, आणि ते गर्रकन फिरलं. वाऱ्यावर असल्यासारखं. मी घाबरून थांबले आणि म्हणाले, "हे एवढं हलकं असतं? एवढ्याशा चाकासाठी तुम्ही तीस वर्षं घरात एवढा आव आणलात?" शिष्य खो खो हसायला लागला. हेही हसले. आजारानंतर पहिल्यांदा असे हसले.

मग मी मैदानाला फेऱ्या घातल्या. कठडा नाही की घाट नाही, नुसती आखलेली वळणं. मागून एक शब्द नाही. ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. शेवटी आरशात बघितलं. आरशात मागचा रस्ता बघायचा असतो, मला यांचे हात दिसले. पिशवी खाली ठेवली होती आणि हवेत चाक धरलं होतं. मी डावीकडे वळवलं की ते डावीकडे वळवत होते, मी सरळ केलं की सरळ. उजवी मूठ घट्ट. डावी उघडी. त्यांना ते कळत नव्हतं. मी बघते आहे हेही कळलं नाही. मी पुन्हा समोर बघितलं, आणि उरलेल्या वळणांवर गाडी हळू घेतली, त्यांना जमेल अशी.

रात्री लेकीला यांनीच फोन केला. म्हणाले, टाकीचे फोटो जपून ठेव, आठवण म्हणून, टाकी कुठे जात नाही.

तुमची मोटर परत पाठवू का, असं हे विचारतात. मी म्हणाले, राहू द्या, मला घाट अजून नीट यायचाय.

एक सांगायचं राहिलं. मैदानात गाडी थांबवली तेव्हा चाक वाकडं होतं, दोरा खाली. मला दिसत होतं, मी मुद्दामच सरळ केलं नाही. हे उतरले, फिरून माझ्या दाराशी आले, खिडकीतून हात आत घातला आणि चाक फिरवून दोरा वर आणला. मग जरा वेळ हात तसाच चाकावर ठेवून उभे राहिले.

"हे शेवटचं," म्हणाले. "उद्यापासून तूच करायचंस."

तुमची,
ताई